मोजणीकाका आणि दोन छत्र्या

मोजणीकाकांनी माझा पहिला फोटो काढला, त्याच्या आठ दिवस आधी मला नोटीस आली. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, जिन्यात दिवसातून चार वेळा गाठ पडायची, तरी नोटीस पोस्टानं आली. तारीख होती, वेळ होती, 'स्थळ : खालची बैठक, गारखेडा' असं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की आपण हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत फोटो काढला जाईल व मागाहून आलेली तक्रार ऐकली जाणार नाही.

गैरहजेरीत फोटो कसा काढणार, हे विचारायला मी खाली गेलो. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तरतूद करून ठेवावी लागते, मास्तर. वापरायची वेळ सहसा येत नाय."

काकांचं खरं नाव रंगनाथराव. पण उभी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली, त्यामुळं कॉलनीत सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. सिल्लोडच्या पलीकडच्या खेड्यातून मी एक पत्र्याची पेटी आणि शाळेतल्या नेमणुकीचा कागद घेऊन या शहरात आलो, तेव्हा अनामत न घेता त्यांनी मला खोली दिली. घेतलं एवढंच, की माझं पदवीचं प्रमाणपत्र मागून ते शिक्क्यासकट वाचलं. आमच्या घराण्यातला तो पहिलाच असा कागद. "पक्का हाय," असं म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी परत दिला. तसा तो कागद त्याआधी कुणी धरला नव्हता.

निवृत्तीनंतर काकांना फोटोचा नाद लागला. शहरातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथल्या चाचांकडून त्यांनी उभ्या दांड्यांवरचे दोन मोठे फ्लॅश आणि त्यांचा उजेड पसरवायच्या दोन पांढऱ्या छत्र्या आणल्या. मुलीनं दिलेला डिजिटल कॅमेरा घरात होताच. बैठकीतला सोफा व्हरांड्यात गेला आणि त्या जागी एक स्टूल आलं. काकू म्हणायच्या, "छत गळत नाय, काय नाय, तरी घरात दोन छत्र्या. पाहुणे वर बघत आत येतेत."

काकांची काम करण्याची पद्धत मात्र बदलली नव्हती. स्टुलापासून छत्रीपर्यंत ते टेप लावायचे. टेपचं एक टोक मला माझ्या नाकाशी धरून बसावं लागे. एका बाजूला चार फूट तीन इंच, दुसऱ्या बाजूला चार फूट तीन इंच, अशी नोंद वहीत व्हायची आणि दांड्यांच्या जागी फरशीवर खडूच्या फुल्या पडायच्या. दुसऱ्या दिवशी काकू फरशी पुसायच्या. मग काका त्यांना हद्दीच्या खुणा नष्ट केल्याबद्दल कोणतं कलम लागतं ते सांगायचे, आणि काकू फडकं पिळत विचारायच्या की तुरुंगात स्वयंपाक कोण करतं.

समोर बसणाऱ्याला डावीकडं, उजवीकडं असं काका कधी म्हणत नसत. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, दिशा बदलत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळं "हनुवटी थोडी ईशान्येला" असा हुकूम सुटायचा. समोरच्या इंग्रजी शाळेच्या बाई पाच मिनिटं ईशान्य शोधत होत्या. शेवटी त्या जशा वळून थांबल्या, तसाच फोटो निघाला आणि त्यात नुसता अंबाडा आला.

वीज कधी जाईल, कधी येईल, याचं वेळापत्रक त्या दिवसांत पेपरात छापून येई. काका ते कापून भिंतीला लावत आणि लोकांना त्याप्रमाणं तारखा देत. तरीही पहिले फोटो निघाले ते बघण्यासारखे होते. माझ्या पहिल्या फोटोत खालचा अर्धा भाग काळाठिक्कर होता. कॅमेऱ्याचा वेग फ्लॅशला न झेपणारा लावला की असं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा काकांनी शांतपणे शेरा लिहिला : 'हनुवटीखालील क्षेत्र मोजणीत आले नाही.' पुढच्या फोटोत माझ्या चष्म्यात दोन छत्र्या उमटल्या आणि डोळे गेले. तो फोटो मी गावी पाठवला, तर आईनं फोन करून विचारलं की तुला डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं.

सगळ्यात मोठी अडचण निराळीच होती. चेहरे सपाट यायचे. भाकरीवर डोळे काढावेत तसा माणूस दिसायचा. काका फोटो घेऊन चाचांकडं गेले, मीही सोबत होतो. चाचांनी एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, "दोनो बाजू को बराबर उजाला देरे तुम काका. एक गाल पे अंधेरा बी होना. तबीच आदमी दिखता."

काका लगेच उठले. घरी आल्यावर म्हणाले, "मास्तर, एका बाजूला कमी द्यायचं काम मी जन्मात केलेलं नाय."

त्यामागं काय होतं, ते काकूंनी मला सांगितलं. काकांचे थोरले भाऊ, माणिकदादा, चितेगावच्या पुढं गावी शेती करत. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा काकांनी रीतसर मोजणी मागवली. दादांचा गोठा अडीच फूट काकांच्या वाट्यात निघाला. काकांनी कागदावर बोट ठेवलं. दादांनी गोठा मोडून मागं घेतला आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं. त्याला चौदा वर्षं झाली होती. "मोजणी बरोबरच होती," असं काका अधूनमधून आपणहून म्हणत आणि मग समोरचा चहा तसाच निवून जाई.

हा सगळा सराव कशासाठी चालला होता, तेही तेव्हाच कळलं. वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. आता दादांचा तरी एक नीट फोटो आपल्या हातानं काढायचा, एवढंच काकांच्या मनात होतं. बोलायला जीभ उचलत नव्हती, म्हणून त्यांनी दादांना नोटीस धाडली, रजिस्टर पोस्टानं. दादा आले नाहीत. दुसरी धाडली, तेव्हाही आले नाहीत. दोन्ही वेळा पोच मात्र सही होऊन परत आली. ती सही काका खिडकीत नेऊन बघत. मला म्हणाले, "घेतली, मास्तर. परत नाय पाठवली."

तिसऱ्या नोटिशीच्या तारखेला काका सकाळपासून इस्त्रीच्या सदऱ्यात बसून होते. दुपार टळल्यावर फाटक वाजलं. मीच उघडलं. धोतर, पांढरी टोपी, काखेत पिशवी. मी कोण, हे न विचारता दादा मला म्हणाले, "तीन कागद आले. चवथा यायच्या आत गेलेलं बरं, म्हणलं."

काकूंनी पाणी दिलं. दादा स्टुलावर बसले. काका त्यांच्याशी थेट बोलेनात, म्हणून निरोप द्यायला मध्ये मी. "मास्तर, त्यांना म्हणावं ईशान्येला बघा." मी सांगायच्या आत दादा वळले, अगदी अचूक. साऱ्या कॉलनीत हे कुणाला जमलं नव्हतं.

काका टेप घेऊन पुढं आले, मग थांबले. टेप त्यांनी खिशात टाकला. उजवीकडची छत्री त्यांनी धरली आणि अंदाजानंच मागं सरकवली, पार भिंतीपर्यंत. दादांच्या एका गालावर सावली आली, कपाळावरच्या रेषा वर आल्या, डोळे खोल गेले.

टोपीची सावली तेवढी डोळ्यांवर येत होती. "मास्तर, हनुवटी वर घ्या म्हणावं." दादांनी जास्तच वर घेतली. "जरा खाली." फारच खाली गेली. असं दोन-तीनदा झालं. शेवटी काका चालत गेले आणि दोन बोटांनी त्यांनी भावाची हनुवटी धरून उचलली.

दादा हलले नाहीत. तसेच बसून म्हणाले, "हात लई गार पडलेत रं तुझे."

"गोळ्या चालू हायेत," काका म्हणाले.

"कशाच्या?"

"बीपीच्या."

"कवापासून?"

"झाली तीन वर्सं."

"अन् सांगायचं नाय?"

काकांची बोटं हनुवटीवरून निघायला वेळ लागला. मग ते कॅमेऱ्यामागं गेले, आणि बैठकीत एकदाच लखकन उजेड पडला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो फोटो पाहिला. माणसाचा असा फोटो मी कधी पाहिला नव्हता. दाढीचे पांढरे खुंट, ओठाच्या कडेला अडवून धरलेलं काहीतरी, आणि अंधारातल्या गालावरही जीव होता. काका माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसानं उभ्या नोकरीत बोटभर खोटी नोंद केली नाही, तो मान वर करून म्हणाला, "दादा, बिघडला. परत यावं लागंल तुला."

दादांनी हात पुढं केला. मी कॅमेरा दिला. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसून लावला आणि पडदा जवळ धरून नीट पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, "बिघडलाय." चष्मा त्यांनी घडी करून ठेवला. "पुढल्या बेस्तरवारी येतो. तसंबी मला इकडं काम हायच."

कसलं काम, ते काकांनी विचारलं नाही.