दहापैकी साडेचार

गुरुलिंग हालगे सर लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवीत. क्लास तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. वर्षभरापासून सर वर पोचले की मुलांकडे पाठ करून फळ्यासमोर उभे राहत आणि दोन-तीन मिनिटं एक अक्षरही लिहीत नसत. मुलांना वाटे, सर आजच्या धड्याची मांडणी करताहेत. सर फक्त श्वास घेत असत.

जुलैतल्या एका सकाळी ही शांतता पाच मिनिटं चालली आणि सरांनी डोकं फळ्याला टेकवलं. त्या दिवशी ते घरी आले ते कपाळावर आधीच्या तासाचं रसायनशास्त्राचं समीकरण उलटं उमटवून. गुणाबाईंनी ते पदरानं पुसलं, काय झालं ते विचारून घेतलं आणि नवऱ्याला थेट डॉक्टर दयानंदकडे नेलं.

दयानंद सरांचाच विद्यार्थी. सरांनी त्याला एकदा दहापैकी साडेपाच मार्क दिले होते, तेव्हा त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले होते. सर मार्क द्यायला इतके कडक, की बावीस वर्षांत आठाच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

"हृदय ठीक आहे सर," सगळ्या तपासण्या झाल्यावर दयानंद म्हणाला. "फक्त अंगाची सवय गेलीय. रोज मैदानावर जायचं. एक मिनिट जोरात चालायचं, दोन मिनिटं हळू. असं आठ वेळा."

"जोरात म्हणजे किती?"

"ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. आरामात बसलात की शून्य, आता याच्या पुढं एक पाऊलही जमणार नाही असं वाटलं की दहा. जोरातल्या मिनिटाला सात पडायला हवेत, हळूला तीन. रोज वहीत लिहून ठेवा."

"म्हणजे मार्क मीच द्यायचे?"

"तुम्हीच."

आपण इथंच चुकलो, हे दयानंदला पुढे कळलं.

हाच सल्ला त्या आठवड्यात दस्तगीरभाईंनाही मिळाला होता. दस्तगीरभाई सरांच्या गल्लीतले टेलर. तीस वर्षं मशीनवर बसून त्यांना साखर झाली होती. दोघं सकाळी सहाला मिळून मैदानावर जाऊ लागले. वेळ दस्तगीरभाईंच्या मनगटी घड्याळावर.

पहिलं जोरातलं मिनिट संपलं.

"किती, सर?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"तीन."

"तीन? तुमचं तोंड बीटावाणी लाल झालंय की!"

"लाल होणं वेगळं, सात पडणं वेगळं. तुम्हाला किती?"

"नऊ."

"नऊ? तुम्ही तर अजून बुटाची लेसच बांधून राहिलात!"

"वाकायलाच लई दम लागतोय, सर."

सात हा आकडा सरांच्या लेखी फार वरचा होता. तो असा सहजासहजी मिळत नाही, या हिशोबानं ते चालायचे ते धावू लागले. धावूनही वहीत तीन, साडेतीन, तीन, चार. गुडघ्यांवर हात टेकावे लागले त्या दिवशी त्यांनी अर्धा मार्क वाढवला आणि घरी गेल्यावर विचार करून परत खोडला. दस्तगीरभाईंच्या वहीत नऊ, दहा, दहा आणि शुक्रवारी अकरा.

"दहापैकी अकरा?" आठवड्यानं वह्या बघताना दयानंदनं विचारलं.

"त्या दिवशी वारं समोरून होतं, डॉक्टरसाब."

वहीत जे होतं त्यावर दयानंदनं निकाल दिला. दस्तगीरभाईंना फार झेपत नाही, त्यांनी जोरातलं मिनिट सोडून नुसतं हळू चालावं. सरांना मात्र फारच सोपं जातंय, तेव्हा त्यांनी प्रेक्षकांच्या बाकांच्या पायऱ्या चढाव्यात.

दुसऱ्या आठवड्यात दस्तगीरभाई सावलीत रमतगमत फिरत होते आणि सर पायऱ्यांवर पळत होते. गुरुवारी सातव्या फेरीला सरांची पोटरी आखडली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पायरीवर आधी बसले, मग आडवे झाले. पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या चार पोरी तिथं उड्या मारत होत्या. त्यांनी सरांना उचलून ऑटोत घातलं. दस्तगीरभाई शेजारी बसून वर्तमानपत्रानं वारा घालू लागले.

"किती पडले, सर?" त्यांनी घाबरत विचारलं.

सरांनी डोळे न उघडता सांगितलं, "पाच." थोड्या वेळानं म्हणाले, "साडेचार. शेवटची पायरी ऱ्हायली."

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, ती बरी निघाली. दयानंदनं पोटरी दाबून पाहिली.

"सर, दहापैकी किती दुखतंय?"

"दोन."

दयानंदनं नुसतं मलम लिहून दिलं. सर उठले, एक पाऊल टाकलं आणि सलाईनच्या स्टँडला मिठी मारून खाली आले. निरोप मिळाल्यामुळे गुणाबाई तेवढ्यात पोचल्याच होत्या.

"डॉक्टर, यांचे दोन धरू नका," त्या म्हणाल्या. "दाढ उपटली तवा यांनी दीड सांगितला होता. दोन म्हणजे लई दुखून राहिलंय."

पोटरीचा स्नायू ताणला गेला होता. इंजेक्शन दिल्यावर दयानंद स्टूल ओढून सरांसमोर बसला.

"सर, एक विचारू? तुमचं दहा म्हणजे नेमकं कधीचं?"

गुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"भूकंपाच्या दिवशीचं," सर म्हणाले. "आठ वर्षं झाली. बहिणीचं गाव. सकाळी पोचलो तर गल्ली कुठली तेच कळंना. मी आन् मेव्हणा, दोघंच होतो. हातानं दगड काढत होतो. अंधार पडताना बहीण निघाली. जिती निघाली. तिची सासू न्हाई." सरांनी हातांची बोटं मिटली. "त्या दिवशी मला दहा पडले होते. त्याच्या मानानं हे तुमचं मैदान म्हणजे चारच की."

दस्तगीरभाईंच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं. बाहेर कंपाउंडर कुणाचा तरी नंबर पुकारत होता. दयानंदनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"सर," तो म्हणाला, "तुम्हीच आम्हाला शिकवलंय, सिलॅबसच्या बाहेरचं पेपरात विचारायचं नाही. तो दिवस सिलॅबसच्या बाहेरचा आहे. तो धरला तर माणूस जन्मभर नापासच होणार."

सरांना हा मुद्दा मान्य करावा लागला.

"आन् माझं दहा, डॉक्टरसाब?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"तुमचं कधीचं?"

"आत्ता हितला जिना चढलो तवाचं."

"मग तुमचंही मोजमाप बदलू. आता अंदाजानं मार्क नकोत, आधी बोलून बघायचं. गप्पा मारता आल्या तर तीन. तोंडातून एखाद-दुसराच शब्द निघाला तर सात. एक शब्दही फुटेना, तर लगेच वेग कमी. आणि तुम्ही दोघं एकमेकांचं ऐकायचं, स्वतःचं नाही. दस्तगीरभाई, तुमचं जोरातलं मिनिट परत चालू."

दस्तगीरभाईंचा चेहरा पडला.

तीन आठवड्यांनी पोटरी सुटली आणि दोघं पुन्हा मैदानावर आले. पहिलं मिनिट दोघंही झपाझप चालले. वेळ संपल्यावर दस्तगीरभाईंनी विचारलं, "किती, सर?"

सरांची छाती वरखाली होत होती. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग मैदानावर पहिल्यांदाच म्हणाले, "सात."

एवढ्या एका शब्दात त्यांचा सगळा दम संपला.

"सर, एक अर्ज होता," दस्तगीरभाई लगबगीनं म्हणाले. "आमची लुबना बारावीला हाय. तुमच्या बॅचला साठच पोरं घेता, ते ठाऊक हाय. पण एकसष्टावी खुर्ची ती घरून आणल. घ्या की तिला."

साठाच्या वर एकही नाही, हा सरांचा नियम होता. आमदाराच्या पुतण्यालाही त्यांनी तो ऐकवला होता. आत्ताही ऐकवण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. त्यांनी हात वर केला.

"हाव म्हणता? लई मेहेरबानी, सर! सोमवारपासून लावून देतो."

सरांना दम यायला पुरी दोन मिनिटं लागली. तोवर दस्तगीरभाई मैदानाच्या पार त्या टोकाला पोचले होते, कुणी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा वेगानं. त्या दिवशी त्यांनी आपल्या वहीत पहिल्यांदाच चार मार्क लिहिले.