मी हेवी मेटल कसं सोडलं

मागच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी, हातातला चहा संपायच्या आत, मी हेवी मेटल सोडायचं ठरवलं. (तंबाखू सोडणारे लोक निदान चार दिवस विचार करतात.)

मी अमरावतीत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. अकोल्याला कॉलेजात असताना परवेज नावाच्या मित्रानं मला हेवी मेटल गाण्यांची एक कॅसेट दिली आणि मी बिघडलो, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. ज्यात दोन गिटारी, ढोलांचा गडगडाट आणि गळा फाटेस्तोवर ओरडणारा माणूस नाही, ती अंगाई, असं माझं मत होतं. "मला हेवी मेटलचं वेड आहे," हे मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही सांगितलं होतं. (मुलीकडच्यांना वाटलं, पोराचा लोखंडाचा जोडधंदा आहे. लगेच होकार आला.)

पण त्या रविवारी नेहमीचा अल्बम लावला, तर तो गोधडीखालून वाजल्यासारखा वाटला. गिटारची धार गेलेली, झांजा गायब. दुसरा लावला, तोही तसाच. मला हेवी मेटल चक्क कंटाळवाणं वाटलं. याचा अर्थ एकच होता. मी प्रगल्भ झालो होतो.

शेजारी पंजाबरावांकडे सरोद वाजत होता. भिंतीपलीकडून अगदी पुसट येत होता, स्वर कमी आणि मधली शांतताच जास्त. मला ती शांतता फार आवडली. मी जुन्या मित्रांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "हेवी मेटल हे संगीताचं बालपण आहे. मी मोठा झालो."

रागिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ही बातमी पंजाबरावांना सांगितली. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या कॉलनीच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी माझं व्याख्यानच ठेवलं. मी पन्नास मिनिटं शांततेवर बोललो. शेवटी पंजाबराव उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "तुमाले मारवा आवडते काय?"

"आवडतो," मी म्हणालो. "पण साजूक तुपातला पाहिजे."

टाळ्या पडल्या. रागाला साजूक तुपाची उपमा देणारा रसिक मंडळाला चाळीस वर्षांत भेटला नव्हता. (मला 'हलवा' ऐकू आलं होतं.)

इथवर ठीक होतं. फेब्रुवारीत परवेजच्या मुलीच्या, अमरीनच्या, हेवी मेटल बँडचा अमरावतीच्या कॉलेजात कार्यक्रम होता. तिला गिटार कशी धरायची हे मी शिकवलेलं. तिनं हट्टानं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तिचं वाजवून झालं आणि माईक माझ्या हातात आला.

"बेटा, दणदणाट आहे, पण धार नाही," मी म्हणालो. "आणि झांजा तर तुम्ही ठेवल्याच नाहीत."

ढोलवाल्या पोरीनं समोरच्या आपल्या चार झांजांकडे पाहिलं. अमरीननं गिटार पिशवीत घातली.

बाहेर परवेजनं मला गाठलं. "सहा महिने बोटं सोलून घेतले तिनं. आवडलं नाई तं गप बसाचं होतं."

"मी माझ्या मताशी प्रामाणिक आहे."

"मंग मताच्याच घरी जेवाले जात जाय," तो म्हणाला आणि पोरीला घेऊन अकोल्याला निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला, तर त्यानं उचलला नाही. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. (प्रगल्भ माणूस एकटाच असतो, असं मी स्वतःला सांगत होतो. बरं काही वाटत नव्हतं.)

मार्चमध्ये एकदा रागिणी कुकर लावून भाजी आणायला गेली. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, म्हणाली. मी कुकरशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. ती परतली तेव्हा घरभर धूर होता.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"एकही नाही."

"अख्खी गल्ली मोजून राहिली होती. अकरा झाल्या."

त्याच संध्याकाळी तिनं मला कानाच्या डॉक्टर माहेनूर मॅडमकडे नेलं. त्यांनी विचारलं, "ऐकू कमी कधीपासून येतं?"

"ऐकू येतं मला. माझी अभिरुची बदलली आहे."

त्यांनी चार दिवस कानात थेंब घालायला दिले, मग कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि करवंदाएवढे दोन मळाचे गोळे ट्रेमध्ये काढून मला दाखवले. "ही तुमची अभिरुची," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर माझ्याच चपला केवढ्यानं वाजत होत्या. घरी पंजाबरावांच्या सरोदनं भिंत थरथरत होती. (तरीही तो आवडला, हे कबूल करतो.) दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी अकोल्याला गेलो. परवेज त्याच्या सोफ्याच्या दुकानात गादीला खिळे ठोकत होता. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे तुले ऐकूच येत नव्हतं?"

"नव्हतं."

"पन बोलत तं भल्ला होता."

मी मान खाली घातली. त्यानं खिळे बाजूला ठेवले आणि वरच्या मजल्याकडे पाहून अमरीनला हाक मारली. ती गिटार घेऊन खाली आली. थेट वाजवायला लागली. ती धार माझ्या अंगावर आली आणि डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "बेटा, चूक झाली. पुन्हा वाजव." तिनं तीनदा वाजवलं. परवेजनं चहा मागवला.

संध्याकाळी आनंदात घरी आलो आणि कपाट उघडलं. बँडांची नावं छापलेला एकही काळा टी-शर्ट नव्हता.

"मैनाबाईले देले, फरशी पुसाले," रागिणी म्हणाली. "तुमाले इचारलं होतं. तुमी हो म्हनलं."

"आणि मोठे स्पीकर?"

"खोली खाली कराची होती. माही आई जूनपासून इथंच राहाले येते. तेबी इचारलं होतं. तुमी हसून हो म्हनलं."

"रागिणी, आता मला सगळं नीट ऐकू येतं. यापुढं प्रत्येक गोष्टीवर मी माझं मत देत जाईन."

ती काळजीनं म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईले एक इचाराचंच राहून गेलं. मळ परत साचाले किती दिवस लागते?"