रविवारी दहा वाजता नाना जातात

आमच्या शेजारचे नाना दर रविवारी सकाळी दहा वाजता मरतात आणि साडेदहाला उठून चहा मागतात.

घाबरू नका. नानांनी उभा जन्म बोटीवर काढला, शेवटी खलाशांचे मुकादम होऊन उतरले. बोटीवर म्हणे दर आठवड्याला ड्रिल असतं. आग लागली असं समजायचं आणि पळत सुटायचं. दोन वर्षांपूर्वी नानांच्या छातीत स्प्रिंगा टाकल्या, आणि घरी आल्या आल्या त्यांनी ड्रिल सुरू केलं. समजायचं एवढंच, की नाना गेले. काकींनी वीस मिनिटांत विम्याची पॉलिसी, दोन पासबुकं, घरपट्टीची पावती, कलमांच्या बागेचा सातबारा आणि लॉकरची चावी पडवीत आणून मांडायची. मांडली की काकी पास, आणि नाना निर्धास्त.

घड्याळ लावायला मी. का, तर भिंतीला भिंत लागून आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. तिकडे बाजारातले चांगले बांगडे संपतात आणि मी इथे मेलेल्या माणसापुढे मोबाईल धरून बसतो!

नाना शिट्टी मारतात. सात छोट्या, एक लांब, बोटीवरच्या धोक्याच्या भोंग्यासारखी. मग छातीवर हात ठेवून आडवे होतात. पण स्वस्थ मरतील तर ते नाना कसले? जिवंतपणी हा माणूस कधी दोन मिनिटं एका जागी बसलेला नाही. अंगठा हलतोय, एक डोळा उघडा.

"अगो, निळी फाइल! निळी!"

"मेलेला माणूस बोलत नाय हो," काकी आतून.

"बोललो नाय. खोकलो!"

लाल फाइल विम्याची, निळी बँकेची, हिरवी घराची. नॉमिनी म्हणून काकींचं नाव नीट चढलंय की नाही हे बघायला नानांनी बँकेत इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथला शिपाई त्यांना लांबून पाहूनच पाठ फिरवतो.

एवढं करून काकी नापास. दर रविवारी! कधी चावी नाही, कधी पासबुक नाही. एकदा तर सातबाऱ्याच्या जागी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. नाना ताडकन उठून बसतात. "बुडाली बोट! आता काय करशील गो तू?" की आठवडाभर पुन्हा नव्या याद्या, नव्या चिठ्ठ्या आणि अंगणात येरझाऱ्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, पुरे आता. डोकं उठलं माझं."

नाना चालता चालता थांबले. "अनिल, आई गेली तेव्हा मी भर समुद्रात. शालनने, तुझ्या ह्या काकीने, तिरडीपासून तेराव्यापर्यंत सगळं एकटीने केलंन. हातात पैसा नाय, कागद कुठे ठाऊक नाय. लोकांच्या दारात उभी राहिली. मी तीन महिन्यांनी आलो, तर एका शब्दाने बोलली नाय मला. आता पुन्हा एकटी पडेल, तेव्हा मी काय यायचा नाय रे."

त्यानंतर मी बांगड्यांचं नाव काढलं नाही.

गेल्या रविवारी तर नानांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सोमवारी पुन्हा छातीची तपासणी, तीही कोल्हापूरला. "आज पास व्हायलाच हवी," असं तीनदा बजावून ते मेले. अठरा मिनिटं झाली तरी काकींचा पत्ता नाही. मला राहवेना. मी आत गेलो.

काकी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पॉलिसी, पासबुकं, पावती, सातबारा. चावी मुठीत.

"काकी, सापडलंय की सगळं!"

"हळू बोल. पहिल्याच रविवारी सापडलं होतं. आईंच्या वेळी फजिती झाली ती झाली. पुढे हे बोटीवर असताना घर कोणी चालवलं रे?"

"मग द्या ना नेऊन! त्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"लागू दे." काकींचे डोळे भरून आले. "टांगणीला आहे म्हणून तर आहे. माझ्या बाबांनी धाकटीचं लग्न लावून दिलं, आता मी मोकळा म्हणाले, आणि आठव्या दिवशी गेले. ह्यांना मी मोकळं व्हायला द्यायची नाय."

बाहेरून हाक आली, "शालन, सापडली काय गो चावी?"

काकींनी चावी तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, पदराने डोळे पुसले आणि ओरडल्या, "नाय हो सापडत! उठा बघू, तुम्हीच या!"

नाना धावत आत आले.