मग परत कधी देणार?

उत्तरं देणारं यंत्र नीट चाललं असतं तर क्षमस्वला काय काय मिळणार होतं, याचा हिशेब त्याने आधीच मांडून ठेवला होता. एक, दार असलेली खोली. सध्या त्याचं टेबल पाण्याच्या यंत्राला खेटून होतं आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण आधी त्याच्या स्क्रीनवर नजर टाकी, मगच पेला भरी. दोन, त्या दारावर आपल्या नावाची, 'ग्राहकसंबंध प्रमुख' अशी पाटी. तीन, उजव्या अंगठ्याला आराम. आणि चार, घरी जेवताना फोन पालथा ठेवायची मुभा, जी त्याला लग्नापासून फक्त रेंज गेल्यावरच मिळाली होती. खर्चाची बाजू त्याने कोरी सोडली होती. तिथेच घोळ झाला.

क्षमस्व हे काही त्याचं खरं नाव नव्हे. डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या त्या कंपनीच्या पानावर लोक जे काही लिहीत, त्याला उत्तरं देणं हे त्याचं काम. दिवसभर तोच एक शब्द टाइप करताना बघून ऑफिसने त्याचं बारसं करून टाकलं होतं. झाकण गळतंय, क्षमस्व. रंग उडाला, क्षमस्व. डबा बसमध्ये विसरला, त्यालाही क्षमस्व.

"आता सगळ्या कंपन्यांची उत्तरं आपोआप जातात," मालकीणबाई, म्हणजे मॅडम, एके दिवशी म्हणाल्या. "आपणच अजून माणूस बसवलाय. ते यंत्र आणलंय मी. महिनाभर चालवून दाखव. चाललं तर तू त्याचा प्रमुख. नाही चाललं तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मॅडमची अपुरी वाक्यं पुऱ्या वाक्यांपेक्षा जास्त महागात पडत.

यंत्र विकणाऱ्याने सांगितलं होतं की याला तुमची जुनी उत्तरं खायला घाला, ते तसंच बोलायला शिकेल. क्षमस्वने आपली सगळी उत्तरं घातली. मॅडमनी परीक्षा म्हणून स्वतःच लिहिलं, 'बाटली आवडली.' यंत्राने क्षणात उत्तर दिलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. या प्रसंगी आम्ही आपल्यासोबत आहोत.'

"अरे, कोणी वारलंय का?" मॅडम कडाडल्या. "घरच्यासारखं बोलायला शिकव त्याला. घरच्यासारखं! आपलेपणा नको का?"

क्षमस्व आज्ञाधारक माणूस. आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या दिवसापासून झालेलं सगळं बोलणं त्याने उचललं, त्यातली नावं आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तेवढे काढले, आणि उरलेलं सगळं यंत्राच्या पोटात ओतलं.

आता त्या ग्रुपवरचं बरंचसं बोलणं आत्याचं होतं, आणि आत्याच्या बोलण्यातलं बरंचसं तिसऱ्या डब्याचं. आत्याकडे एकात एक बसणाऱ्या सात डब्यांचा संच होता. कंपनीच्या लोकांना सवलतीत मिळतो म्हणून क्षमस्वनेच तो तिला आणून दिला होता. आठ वर्षांपूर्वी दादाच्या वाढदिवसाला आत्याने उरलेला केक ज्याच्या त्याच्या हाती डब्यांतून दिला. सहा डबे परत आले, तिसरा आला नाही. एव्हाना कंपनीने तो संच बनवणंही बंद केलं होतं. "दुसरा आणि चौथा एकमेकांत खडखडतात," आत्या ग्रुपवर लिही. "मी कोणाचं नाव घेत नाही. पण तिसरा ज्यांच्याकडे आहे त्यांना झोप कशी लागते?" नाव घेत नसली तरी ती हे वहिनीला उद्देशून लिहिते, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीलाही.

तिसरा डबा क्षमस्वच्या टेबलावर होता. त्यात पेनं होती.

चोरीचा हेतू वगैरे नव्हता. दुसऱ्या दिवशी केक ऑफिसात आणला, खाल्ला, डबा राहिला. आत्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला वाटलं, रविवारी नेऊन देऊ. तिसऱ्यांदा विचारलं तोवर संशय वहिनीवर जाऊन बसला होता, आणि आता कबूल करायचं म्हणजे एका नव्हे, दोन बायकांना तोंड द्यायचं. त्यापेक्षा पेनं बरी, असं त्याने ठरवलं.

पहिले काही दिवस यंत्राने कमाल केली. एकाने लिहिलं, 'झाकण बसत नाही.' यंत्र म्हणालं, 'नीट बघ, दुसऱ्याच डब्याचं असेल. सगळी झाकणं एका खणात कोंबली की हेच होतं.' अर्ध्या तासाने उत्तर आलं, 'खरंच दुसऱ्याचं होतं. थँक्यू मावशी.' दुसरा एक जण फुटक्या बाटलीचा फोटो टाकून तावातावाने लिहीत होता, 'चोर आहात सगळे!' यंत्र म्हणालं, 'ओरडू नकोस. आधी जेव, मग बोलू.' काही वेळाने त्या माणसाने लिहिलं, 'जेवलो. बोला.'

मॅडम खूश. त्यांनी पाटी करायला टाकली.

आत्याचाही फोन आला. "अरे, तुझ्या कंपनीने उत्तरं द्यायला कोण बाई ठेवल्येय रे?"

"का गं?"

"फार समजूतदार आहे. अगदी मनातलं बोलते. तिला सांग, आत्याने कौतुक केलंय."

तक्रारींना यंत्र पुरून उरलं. पण कौतुकाचं काय करायचं? क्षमस्वच्या घराण्यात डब्याचं कौतुक कोणी केलं की त्यावर एकच उत्तर होतं, आणि यंत्राने ते चोख पाठ केलं होतं. एका शाळेतल्या बाईंनी प्रेमाने लिहिलं, 'तुमचा चौकोनी डबा फारच छान आहे.'

'छान आहे ना?' यंत्राने विचारलं. 'मग परत कधी देणार?'

'परत? का बरं?'

'कारण मी सांगायला नको. तुझं तुला माहीत आहे.'

'डब्यात काही दोष आहे का?'

'मी कोणाचं नाव घेत नाही.'

'अहो, मी त्यात मुलीचं जेवण देते! खरं काय ते सांगा!'

'मी फक्त आठवण केली. आणि रिकामा पाठवू नकोस, बरं दिसत नाही.'

संध्याकाळपर्यंत हे संभाषण गावभर फिरलं. कंपनी डबे परत मागवतेय, कारण दडवतेय. 'रिकामा पाठवू नकोस' याचा अर्थही जाणकारांनी लावला. अन्नासकट तपासणी होणार असणार, त्याशिवाय कोण कशाला भरलेला डबा मागेल?

दुसऱ्या दिवशी क्षमस्व ऑफिसच्या फाटकाशी पोचला तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या. डब्यांवर डबे. प्रत्येकावर नावपत्त्याची चिठ्ठी. कशात सूप, कशात उकडलेले बटाटे, कशात केक, कशात सोललेली संत्री. मागे रांग.

"मी येण्याआधीच निम्मे लोक ठेवून गेले," रखवालदार म्हणाला. त्याच्या मिशीला क्रीम लागलं होतं. "मी काही हात नाही लावला, साहेब."

रांगेतले एक आजोबा पुढे सरकले. "यातलं अर्धं सँडविच मी खाल्लंय. नमुन्याला अर्धं पुरेल ना?"

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. त्या उतरल्या, पायऱ्यांकडे पाहिलं, क्षमस्वकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"मॅडम," क्षमस्व म्हणाला, "आपलेपणा."

"बंद कर ते यंत्र! आत्ता!"

बंद करायची कळ विक्रेत्याकडे होती. करारात ती प्रगत सुविधांमध्ये धरली होती आणि मॅडमनी साधी सुविधा घेतली होती. क्षमस्वने विक्रेत्याच्या पानावर कंपनीतर्फे कळकळीने लिहिलं, 'तुमचं यंत्र थांबता थांबत नाही. मदत करा.' लगेच उत्तर आलं, 'आमचं उत्पादन अथक काम करतंय हे वाचून आनंद झाला!' म्हणजे तिकडेही यंत्रच. आणि त्याखाली, क्षमस्वने हात लावायच्या आत, त्याच्या स्वतःच्या यंत्राने लिहिलं, 'आनंद झाला ना? मग परत कधी देणार?' दुपारपर्यंत ती दोघं एकमेकांची विचारपूस करत होती. शेवटी एक जिवंत माणूस फोनवर सापडला. "तीन दिवस लागतील," तो म्हणाला. "पण खरं सांगू? त्या दोघांचं छान जमलंय."

इकडे हिशेबनिसाला हुरूप आला होता. दर वर्षाअखेरीस ऑफिसातल्या प्रत्येक हलत्या-न हलत्या वस्तूला नोंदणीचा कागद चिकटवणं हा त्याच्या आयुष्यातला आनंदाचा सोहळा. एकदा त्याने झोपलेल्या रखवालदारालाही चिकटवला होता. "नोंद झाल्याशिवाय एकही डबा आत येणार नाही," असं म्हणत तो कागदाचं भेंडोळं घेऊन पायऱ्यांवर बसला.

मॅडमनी रांगेतल्यांची समजूत घातली, डबे निर्दोष आहेत असं छातीठोक सांगितलं आणि त्यांना माघारी पाठवलं. पण चिठ्ठी लावून ठेवून गेलेल्यांचे डबे तसेच उरले.

"हे घरोघर परत जातील," मॅडम म्हणाल्या. "आणि रिकामे नाही. रिकामे पाठवू नका असं आपणच जगाला शिकवलंय."

"कोण पोचवणार, मॅडम?"

"ज्याला आपलेपणा..." मॅडम म्हणाल्या, आणि वाक्य सोडून आत गेल्या.

क्षमस्व डब्यांच्या डोंगरासमोर डोकं धरून बसला, आणि तिथेच त्याला आयुष्यातली सर्वांत चतुर कल्पना सुचली. एवढ्या ढिगात एक डबा जास्त सापडला तर कोण विचारणार? आठ वर्षांचं ओझं फुकटात उतरत होतं. त्याने टेबलावरच्या डब्यातली पेनं काढली, फडक्याने डबा आतून आणि कडेने लख्ख पुसला, त्यात बिस्किटं भरली आणि संध्याकाळी थेट आत्याचं घर गाठलं.

आत्या टेबलाशी बसली होती. खालच्या मजल्यावर राहणारी वहिनी कात्री परत करायला वर आली होती आणि दारातच उभी होती. आत्याकडची कोणतीही वस्तू वहिनी हल्ली साक्षीदार असल्याशिवाय घेत नसे की देत नसे.

"आत्या, हा बघ!" क्षमस्वने डबा पुढे केला. "लोकांनी आणून दिलेल्या ढिगात सापडला. एका अनोळखी बाईंनी दिला."

आत्याने डबा दोन्ही हातांत घेतला. दुसऱ्यात ठेवला, चौथा त्यात ठेवला आणि संच कानाशी हलवून पाहिला. खडखड नाही. तिचे डोळे भरून आले.

"माझाच आहे रे! पण त्या बाईकडे गेला कसा?"

हा प्रश्न क्षमस्वने तयार केला नव्हता. "बसमध्ये सापडला म्हणे. कोणीतरी विसरलं असेल."

"बसमध्ये." आत्याने मान हलवली आणि सावकाश वळून वहिनीकडे बघितलं. "मी कोणाचं नाव घेत नाही. पण बसने कोण जातं या घरात, ते सगळ्यांना माहीत आहे."

"आत्या, मी डबा नेलाच नव्हता!" वहिनी म्हणाली. "त्या दिवशी मला केकसुद्धा मिळाला नव्हता!"

"बघ, केक अजून लक्षात आहे!"

वहिनीने कात्री टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. क्षमस्वच्या तोंडात शब्द आला होता, तोच, नेहमीचा. पण दार असलेली खोली, पाटी आणि आत्याचा आनंद, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. त्याने एक बिस्किट खाल्लं आणि तो घरी गेला.

डब्यात पेनं ठेवणारा डब्याला वरून बघतो. तळ दिसतो तो घासणाऱ्याला. आत्याने सात डबे घासायला काढले, तिसरा पालथा घातला आणि नळ बंद केला.

जेवताना त्या दिवशी रेंज असूनही पहिल्यांदाच क्षमस्वचा फोन पालथा होता. तो एवढा थरथरायला लागला की बायकोने उचलून पाहिला. "अहो, आत्यांनी तुमच्या कंपनीच्या पानावर काहीतरी लिहिलंय."

आत्याने लिहिलं होतं, 'आठ वर्षांनी माझा डबा घरी आला. डबा उत्तम आहे, एक ओरखडा नाही. तळाला कागद चिकटवलेले आहेत, एकावर एक, दर वर्षाचा एक. मी ते गरम पाण्यात ठेवून अलगद सोडवले. प्रत्येकावर लिहिलंय, टेबल क्रमांक चार, पाण्याच्या यंत्राशेजारी. फोटो जोडत आहे. आज मी नाव घेते.' आणि तिने घेतलं होतं, पाळण्यातल्या नावासकट.

त्याखाली यंत्राचं उत्तर केव्हाच आलेलं होतं. 'उत्तम आहे ना? मग परत कधी देणार?'

त्याच्याही खाली हिशेबनिसाने लिहिलं होतं, 'होय. सदर वस्तू ऑफिसच्या नोंदीत आहे.'

शेवटी हिशेब असा लागला. यंत्र दुरुस्त होऊन आलं, पण लोकांना ते मिळमिळीत वाटलं, म्हणून मॅडमनी त्याच्यावर देखरेखीला एक अनुभवी बाई नेमल्या. दार असलेली खोली आत्याला मिळाली. पाटीवर नाव तेवढं बदलावं लागलं. तिसरा डबा रोज सकाळी त्या खोलीत तिच्या टेबलावर येतो आणि संध्याकाळी तिच्याबरोबर घरी जातो, त्यामुळे आत्या आणि हिशेबनीस दोघंही समाधानी आहेत. आत्याने वहिनीला त्या दिवशीचा केक आठ वर्षांच्या उशिराने, अख्खा, स्वतःच्या हाताने करून दिला. गावातल्या लोकांना आपापले डबे मिळाले, भरलेले. ते क्षमस्वने पोचवले, संध्याकाळी, जेवायच्या वेळेला, दारोदार.

शेवटचा डबा पोचवून झाल्यावर त्याने रस्त्यातच उभं राहून घरच्या ग्रुपवर वहिनीला एकच शब्द लिहिला, क्षमस्व. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून लिहिला होता, म्हणून पाठवायच्या आधी त्याने दोनदा वाचूनही पाहिला.

वहिनीने तो लगेच वाचला. लगेच उत्तरही दिलं.

'आपला संदेश मिळाला. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. योग्य वेळी उत्तर देण्यात येईल.'