तुकडा क्रमांक एफ-३१

प्रत्येक माणसाला निसर्गाने एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून सांभाळण्याची ताकद दिलेली आहे. ती गोष्ट कोणती, हे ज्याचं त्याने निवडायचं असतं आणि एकदा निवडली की घरातल्या बाकीच्यांनी त्या निवडीचा मान राखायचा असतो. वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या निकेशने विमान निवडलं होतं.

विमान दुसऱ्या महायुद्धातलं, लढाऊ, प्लास्टिकचं, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. डबा एवढा मोठा की कुरिअरवाल्याने तो आडवा करून दारातून आत घेतला आणि "फ्रिज हाय का साहेब?" म्हणून विचारलं. आत प्लास्टिकच्या एकवीस चौकटी होत्या, प्रत्येक चौकटीला इंग्रजी अक्षर, आणि झाडाला चिंचा लटकाव्यात तसे तिला लागलेले तुकडे. एकूण सहाशे सदतीस. सोबत एकशे चोवीस पानांचं माहितीपुस्तक. ते निकेशने दोनदा वाचलं. (बालसंगोपनाचं एक पुस्तक त्याच्या बायकोने, दिव्यानीने, त्याला तिच्या सातव्या महिन्यात दिलं होतं. ते आठव्या पानावर पालथं ठेवलेलं आहे, म्हणजे वाचन सुरू आहे असंच धरायला हवं.)

या विमानाचं वैशिष्ट्य असं की त्याला पूर्ण इंजीन आहे. नुसत्या इंजिनाचे अठ्ठ्याण्णव तुकडे. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे, चार रंगांत रंगवायचे, त्यावर तेलाचे खोटे डाग पाडायचे, आणि मग वरून झाकण कायमचं चिकटवून टाकायचं, जेणेकरून यातलं काहीही कोणाला दिसू नये.

"मग करता कायले?" दिव्यानीने विचारलं होतं.

"अवं, आपल्याले तं माहीत रायते ना, आत काय काय केलं ते."

दिव्यानीला हे तत्काळ पटलं. तिचंही दिवसभराचं काम याच जातीचं होतं, फक्त त्याच्यासोबत माहितीपुस्तक आलं नव्हतं.

क्वार्टरला दोन खोल्या आणि एक हॉल. त्यातली मागची खोली दोन वर्षांच्या पोरीसाठी राखून ठेवली होती, ती विमानाला मिळाली. पोरीचा पलंग हॉलमध्ये आला. मे महिना होता, चंद्रपूरचा पारा सेहेचाळिसावर खेळत होता, आणि उन्हाने पंख वाकतो हे माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळे कूलरही मागच्या खोलीत गेला. (पोर उन्हाने वाकते की नाही, याबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं.) मात्र रंग ओला असताना कूलरची दमट हवा चालत नाही, रंग पांढुरका पडतो. त्यामुळे रंगकामाच्या दिवशी कूलर कोणालाच मिळत नसे. समानता म्हणतात ती हीच.

दिव्यानी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती आणि लग्न व बाळंतपण यांमधून उरलेलं सगळं शिक्षण तिने काळजीसाठी वापरलं होतं. तिने जाड कागदाची, पोरीच्या घशाच्या मापाची एक नळी केली आणि एका दुपारी सहाशे सदतीस तुकड्यांची चौकटीवरच मापं घेतली. निष्कर्ष असा: सहाशे दोन तुकडे पोरीच्या घशातून जाऊ शकतात. उरलेले पस्तीस जाऊ शकत नाहीत, फक्त अडकू शकतात.

हा अहवाल तिने निकेशसमोर ठेवला. निकेश वीजकेंद्रात टर्बाइनच्या दुरुस्ती विभागात आहे आणि सुरक्षितता या शब्दाचा त्याला मनापासून आदर आहे. टर्बाइन उघडलं की तिथे जाणाऱ्या माणसाच्या खिशातलं पेन, किल्ली, तंबाखूची पुडी, सगळं काढून वहीत लिहितात. नट पिळायचे पाने मोजून आत जातात, मोजून बाहेर येतात. कारण आत राहिलेला एक नट कोट्यवधींच्या यंत्राचं वाटोळं करू शकतो. ही उत्तम पद्धत आहे आणि तिच्यामुळेच आपल्याकडे पंखे फिरतात. निकेशने ती दुसऱ्याच दिवशी घरी लागू केली. मागच्या खोलीच्या दारावर लाल पाटी लागली: 'काम चालू आहे'. आत जायला निकेशचं परमिट. बाहेर येताना प्रत्येकाची तपासणी: दिव्यानीच्या ओढणीची टोकं, सासूबाईंच्या कमरेची पिशवी, पोरीच्या मुठी, तिचे कान आणि गालांच्या आतली बाजू. फक्त मूळ परमिटधारकाची, म्हणजे स्वतः निकेशची, तपासणी नव्हती. ती वीजकेंद्रातसुद्धा दुसरा माणूस करतो, आणि घरात निकेशला दुसरा माणूस सापडला नाही.

सासूबाई म्हणजे सुगंधाबाई. कोरपन्याहून कापसाची पऱ्हाटी उपटून झाली की नातीसाठी येत आणि पेरणीला परत जात. त्यांना परमिटचा राग नव्हता. "सरकारी मानूस हाय माहा पोरगा," त्या म्हणत, "त्याचं सगडं कायद्यानंच रायते."

घटना रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी घडली. (वेळ वहीतून घेतलेली आहे.) दिव्यानी पोळ्या लाटत होती, सुगंधाबाई आंघोळीला गेल्या होत्या, निकेश आत दाराकडे पाठ करून रंगाखालचा प्रायमर हलवत होता, आणि पोर लाल पाटीखालून, म्हणजे परमिट न घेता, आत शिरली. ती आत चार मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा तोंडात काहीतरी चघळत होती. दिव्यानीने पिठाच्या हाताने तिचा जबडा उघडला. मुरमुरे निघाले. त्याच वेळी मागून निकेशचा आवाज आला, जो लग्नापासून आजवर दिव्यानीने कधी ऐकला नव्हता.

"एफ-एकतीस कुठी गेला?"

एफ-३१ म्हणजे वैमानिक डाव्या हाताने ढकलतो तो वेगाचा दांडा. तुरीच्या दाण्याएवढा. तो आसनाच्या बाजूला बसतो आणि वरची काच लावल्यावरही दिसतो, असं निकेशचं म्हणणं. दिसत नाही, असं बाकी सगळ्यांचं.

पुढचा अर्धा तास दोघांनीही शोध घेतला. निकेशने मोबाइलची बॅटरी लावून फरशी बघितली, दिव्यानीने पोरीचा घसा. दोघांच्याही तोंडी एकच वाक्य होतं: "सापडत कसा नाई?"

"अहो, गिळला असन तं?" शेवटी दिव्यानी म्हणाली.

निकेश गुडघ्यांवरून हळूच उठला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती.

चंद्रपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी पोरीची छाती ऐकली, पोट दाबलं, तिला हसवलं. खोकला नाही, धाप नाही, उलटी नाही. गिळला असेल तर पोटात गेला. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. तीन दिवस शी तपासा, बहुतेक आपोआप बाहेर पडेल. खोकला, उलटी, पोटदुखी, काहीही वाटलं तर रात्र असो पहाट असो, घेऊन या. दिव्यानीने पंधरा प्रश्न विचारले. निकेशने एकच विचारला.

"डॉक्टरसाहेब, पोटातल्या अ‍ॅसिडनं पॉलिस्टायरीनले काही होते का?"

"काही होत नाही. विरघळत नाही ते. घाबरू नका."

निकेशने सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "असे वडील फार कमी बघायला मिळतात." दिव्यानी रसायनशास्त्रातली असल्यामुळे तिला प्रश्न बरोबर कळला होता.

निकेशने तीन दिवसांची नैमित्तिक रजा टाकली. कारण: कौटुंबिक. (मागच्या थंडीत पोरीला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याने अर्धा दिवस टाकली होती, त्यातही शिल्लक दीड तासात तो बँकेत जाऊन आला होता.) पोरीच्या प्लास्टिकच्या शी-पॉटसमोर त्याने स्टूल मांडलं, भिंगाचा दिवा लावला, बारीक चिमटा, हातमोजे आणि चाळणी घेतली. चाळणीवरून सुगंधाबाईंशी एक तात्त्विक चर्चा झाली.

"अरे, रव्याची हाय थे! काऊन बाटवतं?"

"आई, यातून निसटत नाई."

"मंग नवी आनून दे. या चायनीचा उपमा मी मेल्यावरबी खाणार नाई."

वही उघडली गेली. रविवार संध्याकाळ: प्रमाण मध्यम, रंग पिवळसर, निष्पत्ती निरंक. सोमवार सकाळ: प्रमाण अल्प, निष्पत्ती निरंक, एक आख्खा मटार. सोमवार दुपार: निरंक.

बातमी कॉलनीत गेली. समोरच्या क्वार्टरमधली शाजिया खास बघायला आली. तिचा नवरा जहीर वीजकेंद्राच्याच स्विचयार्डात आहे. दारात उभी राहून तिने निकेशला चाळणीसह पाहिलं आणि दिव्यानीला बाजूला घेतलं.

"नशीब काढलंस गं. आमच्या घरचे तर डायपर कोणत्या बाजूनं उघडते, तेबी नाई जानत. मले तर त्यांना दाखवायले आनायचं आहे."

सुगंधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "याच्या बापानं याले कधी कडेवर नाई घेतलं वो शाजिया. अन् हा पाय, पोट्टीच्या गूवाले कसा जीव लावून राह्यला."

दिव्यानी मात्र दोन रात्री झोपली नव्हती. ती पोरीच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजत होती. मिनिटाला सव्वीस. पुन्हा मोजले, सत्तावीस. त्या एका श्वासाच्या फरकावर तिने पहाटेपर्यंत विचार केला.

मंगळवारी दुपारी ती कपडे धुवायला बसली. निकेशची बर्मुडा पाण्यात घालण्याआधी तिने सवयीने खिसे उलटे केले. खिशातून एक जुनं बिल पडलं आणि बिलाच्या घडीतून करडा, तुरीच्या दाण्याएवढा, एक दांडा.

पोरीच्या हाती लागू नये म्हणून त्यानेच तो सांभाळून खिशात ठेवला होता आणि विसरला होता. परमिटधारकाची तपासणी नसते.

दिव्यानी बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि आवाज न करता रडली. दोन दिवसांची भीती अशी नळासारखी वाहून गेली. मग डोळे पुसून, दांडा मुठीत घेऊन सांगायला ती हॉलमध्ये गेली.

हॉलमध्ये निकेश जमिनीवर मांडी घालून बसला होता. पोर मांडीवर होती आणि तो तिच्या उघड्या पोटाला कान लावून ऐकत होता. पोटात गुडगुड झालं की तो "आलं, आलं, विमान आलं" म्हणायचा आणि ती खिदळायची. मग पपईचा एक घास. मग पुन्हा कान.

"काय गं," तो दिव्यानीकडे न बघता म्हणाला, "ही झोप आली की सोताचा कान पकडते. तुले माहीत आहे का?"

"दोन वर्षं झाली."

"रोजच?"

"रोज."

"अन् हिले पपई उजव्या बाजूनं देल्ली तरच खाते. मी आज शोधून काढलं." तो एखाद्या शास्त्रज्ञासारखा म्हणाला.

दिव्यानीने मूठ उघडली नाही. मग स्वयंपाकघरात गेली आणि वरच्या फळीवरच्या हिंगाच्या डबीत तिने तो दांडा टाकून झाकण घट्ट लावलं.

यावरून कोणी तिला अप्रामाणिक म्हणू नये. तिने डॉक्टरांना लगेच फोन करून तुकडा सापडल्याचं कळवलं. ज्याची खरी नोंद व्हायला हवी तिथे ती झाली. फक्त घरच्या वहीत 'निरंक' चालू राहिलं.

बुधवारी मुदत संपली. निकेशने शेवटची चाळणी धुतली, वहीत सही केली आणि परदेशातल्या कंपनीला ई-मेल पाठवली. उत्तरही आलं: एफ-३१ नवीन पाठवतो, खेद आहे. तो खुशीत उठला. पोर त्याच्या मागे मागे लाल पाटीपर्यंत गेली आणि "इमान आलं?" म्हणून पोट वर करून उभी राहिली. दार लागलं. ती थोडा वेळ तशीच उभी होती. नंतर तिने शर्ट स्वतःच खाली केला.

दिव्यानीने हे पाहिलं. ती फार पाहते, अशी तिच्याबद्दल तक्रार आहेच.

तिने हिशेब केला. उरलेले तुकडे सहाशे छत्तीस. दर तुकड्यामागे तीन दिवसांचं पितृत्व. एकूण एक हजार नऊशे आठ दिवस, म्हणजे सव्वापाच वर्षांच्या आतबाहेर. तोवर पोर दुसरीत जाईल, वडील कसे असतात यावर पाच ओळी लिहू शकेल. योजना व्यवहार्य होती. रजा शिल्लक राहणार नाही, एवढीच त्रुटी.

गुरुवारी संध्याकाळी निकेश पहिली पाळी करून आल्यावर जेवणाचा रिकामा डबा विसळत असताना (ही त्या तीन दिवसांत लागलेली सवय अजून गेली नव्हती) ती रीतसर परमिट घेऊन मागच्या खोलीत कचरा काढायला गेली. बाहेर येताना निकेशने तिच्या ओढणीची टोकं बघितली. केसांचा अंबाडा बघितला नाही.

"अहो," ती म्हणाली, "चौकटीत जी-बारा नाई दिसत. अन् पोट्टी मघाशी तिथीच खेळत होती."

निकेशच्या हातातून डबा पडला. तो हॉलकडे धावला.

इथे कथा संपते. जी-१२ कुठे बसतो, एफ-३१ हिंगाच्या वासासकट कॉकपिटमध्ये चिकटला का, विमान पूर्ण झालं का, असे प्रश्न वाचकांना पडले असणार, आणि वाचकांनी तुकड्यांचे नंबर एवढे पाठ केले याचा दिव्यानीला आनंदच आहे. सुरुवातीपासून इथवर त्या पोरीचं नाव मात्र एकदाही आलेलं नाही. तुम्ही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर दिव्यानीने सांगितलं असतं.