शिवाप्पाकाकांचं सर्टिफिकेट

शिवाप्पाकाका सिनेमा पडद्याकडे पाठ करून बघतात.

देगलूरच्या टॉकीजमध्ये ते तीस वर्षं डोअरकीपर होते. हातात बॅटरी, तोंड पब्लिककडे. टॉकीज पडली, तिथं मंगल कार्यालय झालं, तरी काकांची मान वळली नाही. घरीसुद्धा ते खुर्ची उलटी ठेवून, टीव्ही बघणाऱ्या काकूंचा चेहरा बघत बसायचे. काकू गेल्या आणि टीव्ही बंद झाला.

"पडद्यावर नुसता उजेड ऱ्हातोय," ते म्हणतात. "सिनेमा बघणाऱ्याच्या तोंडावर असतोय."

मी वाचनालयात दर शुक्रवारी दुपारी सिनेमा दाखवतो. 'फक्त प्रौढांसाठी'चा एक लावणार म्हटल्यावर अध्यक्ष बिथरले. मी लगेच पत्रक छापलं : 'वाचकांना कुक्कुलं बाळ समजणं थांबवा!' शेवटी तोड निघाली. पब्लिक खरंच प्रौढ आहे का, याचा निकाल काका तोंडं बघून देतील. नापास झालो तर शुक्रवार कायमचे बंद.

रक्त होतं, शिव्या होत्या, पलंगही होता. काकांनी तासभर पब्लिक न्याहाळलं.

"बालवाडी हाय ही. समदे एकमेकाला कोपरानं ढोसून हसून राहिले."

"काका, त्याला सर्टिफिकेट आहे!"

"ते दारापुरतं, लेका. अन् दारात मीच हुतो. मिसरूड दिसली की सोडायचो."

अध्यक्ष खुलले. "म्हणजे बंद?"

"दम धरा की, मालक. अजून एक शुक्रवार द्या पोराला."

मी चिडून लहान मुलांनाही चालेल असा एक साधा सिनेमा आणला. त्यात बायकोला माती देऊन आलेला म्हातारा शेजारणीनं झाकून ठेवलेलं पिठलं-भाकर उघडतो आणि पोटभर जेवतो. बस्स, एवढंच.

प्रोजेक्टरच्या झोतात धूळ संथ फिरत होती. विष्णुपुरी धरणाच्या पाण्याखाली बसल्यासारखा सगळा हॉल गप्प होता. कुणी कुणाकडे बघेना. काकांनी एकेक चेहरा पाहिला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, ते हळूच पडद्याकडे वळले.

संपल्यावर अध्यक्षांनीही दबक्या आवाजात विचारलं, "काय करायचं, काका?"

"चालू द्या ह्याचे शुक्रवार."

लोक गेले. काका बसूनच होते. मी वायरी गुंडाळत होतो.

"मी बी जेवलो हुतो त्या दिवशी," ते म्हणाले. "दोन भाकरी. लई भूक लागली हुती रे. कुणाला सांगितलं न्हाई."