साडूचा कोरडा सदरा

शरीराचं मला काही सांगू नका! राजापुरात आठवीला विज्ञान शिकवतो मी. बाहेर कितीही ऊन असो, अंगातला पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास राहायचा; तापलं की घाम, पाणी घटलं की तहान. हा सगळा कारभार तोंडपाठ असून मी त्र्याऐंशी साली सासुरवाडीला, पावसला, जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. हसा! आमची ही अजून हसते.

मूळ दुखणं म्हणजे माझा साडू रामभाऊ. मुंबईत विम्याच्या थंडगार कचेरीत बसतो. दर मे महिन्यात पांढरा टेरिलीनचा सदरा घालून आंबे खायला येतो, आणि या गृहस्थाला घामाचा थेंब येत नाही! मी मात्र एसटीतून उतरतानाच ओलाचिंब.

"भावोजींचा सदरा बघा, इस्त्रीसुद्धा मोडली नाही!" दमयंती दरवर्षी म्हणायची. स्वतःच्या बायकोने साडूची तारीफ करावी? जळायचो मी, अगदी राख व्हायचो! त्या वर्षी ठरवलंच. एकदा तरी तिच्या तोंडून "आमच्या ह्यांचा सदरा बघा" ऐकायचं. युक्ती सोपी होती. टाकीत पाणी नसेल तर नळाला कुठून येणार? आदल्या संध्याकाळपासून मी पाणी बंद केलं.

पावसला पोचलो. सासूबाई येसूबाई गूळ-पाणी घेऊन ओटीवर आल्या.

"नको," मी म्हणालो.

सासूबाईंचा हात तिथेच थांबला. दारात आलेल्या जावयाने गूळ-पाणी नाकारायचं म्हणजे काय, ते कोकणात पोरालाही कळतं. आत कुजबुज सुरू झाली. "धाकले जावय रुसले वाटता!"

सासरे भागोजी कोकमाचं सरबत घेऊन आले. "जावयबापू, काय चुकला आमचा?"

"काही नाही हो!"

"गेल्या साली मोठ्या जावयाक आंब्याची पेटी जास्त दिली, म्हणून?"

"छे छे!"

"मग घेवा की घोटभर!"

"नको म्हटलं ना!"

घसा कोरडा पडल्यामुळे ते जरा खेकसल्यासारखं झालं. मग शहाळं आलं. ताक आलं. शेवटी सासऱ्यांनी वाडीतल्या चार म्हाताऱ्यांना समजूत काढायला बोलावलं. खरं कारण सांगावं, तर समोर रामभाऊ कोरडा ठणठणीत बसलेला! मी सुटका म्हणून पेट्यांत पेंढा घालून आंबे भरायला बागेत पळालो. घाम मात्र येतच होता. कुठली जुनी शिल्लक काढत होतं अंग, कोण जाणे!

आणि भर दुपारी घाम थांबला! मी पाठ चाचपली. कोरडी!

"दमयंती!" मी ओरडलो. "माझा सदरा ब..."

पुढचं मला आठवत नाही. म्हणतात की मी पेंढ्याच्या ढिगात तोंडावर पडलो.

डोळे उघडले तेव्हा मी ओटीवर होतो आणि सगळी वाडी भोवती होती. डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. दमयंती रडत होती, आणि चारही म्हातारे सासऱ्यांना दोष देत होते.

"अंगातलं पाणी संपलं, घाम थांबला, अंग तापलं," डॉक्टर म्हणाले. "आता घाम फुटला की काळजी नाही."

सगळे माझ्या कपाळाकडे डोळे लावून बसले. अर्ध्या तासाने दमयंती किंचाळली, "घाम आला! आमच्या ह्यांना घाम आला हो!" सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. काय सांगू, इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं! मी चोरून रामभाऊकडे पाहिलं. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझ्या जिवाला कोण गारवा वाटला!

इतक्यात डॉक्टर उठता उठता म्हणाले, "घाम हीच खरी तब्येत. भर उन्हात ज्याला तो येतच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते."

"अगो बाई!" रामभाऊची बायको राही दचकली. "आमच्या ह्यांना तर कधीच येत नाही!"

तिने नवऱ्याला उठवलं, खळ्यातल्या उन्हात बसवलं आणि डोक्यावरून घोंगडी पांघरवली. बिचारा रामभाऊ हूं की चूं न करता बसला. मी उशीवरून मजेत बघत होतो.

दमयंतीने पदराने माझं कपाळ पुसलं, खळ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"बघा, भावोजी बायकोचं किती ऐकतात!"